रद्द केलेली सहल

"ताई, तुमचे डिंकाचे लाडू काय झाले होते म्हणून सांगू! आमच्या ह्यांनी दोन दिवसांत डबा पुसून ठेवला."

परबवहिनी तव्यावरचं घावन माझ्या ताटलीत घालत म्हणाल्या. वेंगुर्ल्याला त्यांच्या घरच्या पडवीत मी एकटीच न्याहारीला बसले होते. कुंदा आणि माणिक पांढरे बूट घालून समुद्रावर चालायला गेल्या होत्या. माझा उजवा गुडघा वाळूत कुरकुरतो, म्हणून मी मागे राहिले.

"कुठले लाडू वहिनी? मी कधी पाठवले?"

"असं काय करता? मागच्या वर्षी नाही का, मी तुमच्यासाठी फणसपोळी पाठवली, त्या डब्यातून आले की! कुरियरनं. आत चिठ्ठी होती, लाडू सरोजने केलेत म्हणून. रिकामा डबा नाही हो पाठवला तुम्ही. हल्ली कोण पाळतंय एवढं?"

"मागच्या वर्षी," मी म्हटलं.

"हो. तुम्हाला बरं नव्हतं ना? दोघीच आल्या होत्या. मी म्हटलं, तिसरीचा वाटा घेऊन जा तेवढा."

घावन गरम होतं, वर नारळाचा गोड रस होता. मी तो घास गिळला. गिळला म्हणजे अक्षरशः पाण्याबरोबर, गोळी गिळतात तसा.

ह्याला आता बारा वर्षं होतील. मी सरोज इनामदार, मिरजेची. बत्तीस वर्षं हॉस्पिटलात काढली, त्यातली शेवटची नऊ मेट्रन म्हणून. माझ्यापुढे डॉक्टरसुद्धा आवाज खाली घेऊन बोलायचे. ही बढाई नाही, मिरजेत कुणालाही विचारा. आणि त्या बाईला दोन मैत्रिणींनी वर्षभर शेंडी लावली आणि तिला पत्ता लागला नाही!

कुंदा बालवाडीची बाई होती, माणिकचं पार्लर होतं. तिघी एकाच गल्लीत. मुलं आपापल्या मार्गाला लागली तेव्हा आम्ही ठरवलं, दर जानेवारीत चार दिवस नवरे घरी ठेवून बाहेर पडायचं. पहिल्याच वर्षी परबांची पाटी दिसली. 'निवास व न्याहारी', खाली घरच्याच कुणी रंगवलेला वाकडा नारळ. दोनच खोल्या भाड्याच्या. मच्छरदाण्या लावलेल्या गाद्या, न्हाणीघरात चुलीवर तापलेलं पाणी, सकाळी पडवीत न्याहारी. परबवहिनी आमच्याशी मराठी बोलायच्या आणि कोंबड्यांशी मालवणी. आम्ही तिथेच अडकलो. पुढे दुसरीकडे गेलोच नाही.

आणि दुसरं कारण इनास. इनास फर्नांडिस. वीस वर्षं बोटीवर आचारी होता, त्यातली बरीच इटालियन बोटीवर. गावी परतला, घरापुढच्या अंगणात चिऱ्याची भट्टी बांधली आणि पाटी लावली, 'पिझ्झा मिळेल'. भेळ मिळेल, शहाळी मिळतील, तसं. चार टेबलं, माडांखाली. टोमॅटो सॉसची बाटली मागितली तर म्हणायचा, "ता व्हया तर शहरात जा गो." काजूच्या लाकडाचा जाळ, पातळ पोळी, कडा करपलेली, वर ताजी कोळंबी. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा माणिक म्हणाली होती की आजवर मिरजेत पिझ्झा म्हणून जे खाल्लं त्याचे पैसे परत मागितले पाहिजेत. वसंता, म्हणजे माझे यजमान, हसायचे. "लोक कोकणात मासे खायला जातात, तुम्ही तिघी पिझ्झा खायला जाता. धन्य आहे!"

ते गेले ह्या सहलीच्या दीड वर्ष आधी, ऑगस्टमध्ये. फुप्फुसं. सव्वा महिना ऑक्सिजनवर होते. त्यानंतरच्या जानेवारीत कुंदा आणि माणिक दोघी माझ्या घरी आल्या, सोफ्यावर बसल्या, आणि कुंदा माझा हात धरून म्हणाली, "ह्या वर्षी सहल रद्द. तुझ्याशिवाय आम्ही पाऊल नाही टाकणार सरू."

मी रडले होते. वसंता गेल्यावर जेवढी रडले नव्हते तेवढी त्या दिवशी रडले.

नंतरच्या आठवड्यात कुंदा चार दिवस भावाकडे साताऱ्याला गेली. माणिकच्या नणंदेचं कसलंसं ऑपरेशन होतं. आता कळतंय. आणि महिनाअखेर कुंदा एक स्टीलचा डबा घेऊन आली. "माझ्या जावेनं रत्नागिरीहून फणसपोळी पाठवलीय, म्हटलं तुला आवडते." मी पंधरा दिवस पुरवून पुरवून खाल्ली. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आमच्या आईची शिस्त, म्हणून डिंकाचे लाडू केले आणि कुंदाला दिले. "तुझ्या जावेला दे गं."

मी ताटली घेऊन वहिनींच्या स्वयंपाकघरात गेले. "तो डबा बघू जरा."

त्यांनी फळीवरून काढून दिला. मी तो उलटा केला. बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. लग्नकार्यात भांडी बदलू नयेत म्हणून करतात तसा. मी तो डबा माझ्या हातांनी घासला होता, तो ठिपका निघेना म्हणून चिंच लावली होती. फळीवरच्या सगळ्या डब्यांना तोच ठिपका होता.

"काय झालं ताई?"

"काही नाही. छान डबा आहे."

मी खोलीत जाऊन पलंगावर बसले. मला सांगायला हवं की नुसती सहलीची गोष्ट असती तर मी एवढी हलले नसते. गोष्ट केदारची होती.

केदार माझा मुलगा, हैदराबादला असतो. वडिलांच्या तेराव्याला तो लॅपटॉप उघडून बसला होता. ते माझ्या डोक्यात गेलं होतं. वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमलेले असताना मी त्याला सुनावलं. म्हटलं, "तू पोटचा असून तेरा दिवस नीट थांबला नाहीस. आणि ह्या दोघी बघ. माझ्यासाठी त्यांनी वर्षातली एक सहल रद्द केली. रक्ताचं कोण आणि परकं कोण, मला कळलं." कुंदा आणि माणिक पंगतीला वाढत होत्या. दोघींनी ऐकलं. कुंदानं माझ्या पानात आमटी वाढली आणि पुढे गेली. केदार मान खाली घालून बसला होता, सूनबाई श्रुती आत निघून गेली.

तरी दिवाळीत केदारनंच विषय काढला. "आई, इकडे ये. कायमची. वरची खोली रिकामीच आहे. संक्रांतीपर्यंत विचार करून सांग." माझा विचार झालेला होता. मिरजेत माझ्या दोघी होत्या. मी त्याला नाही म्हणणार होते, आणि ह्याच सहलीत, इनासच्या अंगणात, ती गोष्ट ह्या दोघींना सांगणार होते. 'तुमच्यासाठी मी मुलाला नाही म्हणतेय' हे कसं सांगायचं, ते मी बसमध्ये मनातल्या मनात घोळवत आले होते. कसली मूर्ख बाई मी!

दोघी साडेनऊला आल्या, घामाघूम. माणिकच्या ओढणीत शिंपले.

"सरू, काय समुद्र आहे गं आज! तू यायला हवी होतीस."

"पुढच्या वेळी," मी म्हटलं.

मी ठरवलं होतं की लगेच काही बोलायचं नाही. वॉर्डात एखादी नर्स चुकली तर मी तिला आधी संधी द्यायचे. आपण होऊन सांगितलं तर निम्मं माफ. दुपारी जेवण करून आम्ही पडवीत लवंडलो होतो. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "मागच्या वर्षी उगाच चुकलं गं आपलं. तुम्ही दोघी तरी यायला हवं होतंत."

माणिक झोपाळ्यावर होती. तिनं पाय टेकून झोपाळा थांबवला.

कुंदा माझ्याकडे वळली. तीस वर्षं पोरांना गोष्टी सांगितलेला तिचा तो आवाज. "चल, काहीतरीच. तुझ्याशिवाय काय मजा?"

एवढंही तिनं म्हटलं नसतं, नुसती गप्प बसली असती, तरी मी कदाचित सोडून दिलं असतं. खरंच सांगते. पण त्या गोड आवाजानं माझं डोकं सणकलं. मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी साडेसहाला इनासकडे गेलो. भट्टी पेटलेली, अंगणात लाकडाचा वास. इनास पंचा खांद्यावर टाकून पुढे आला आणि माझ्याकडे बघून त्याचा चेहरा फुलला.

"गो सरोज, इलंस तू? माका वाटला आता काय तू येवचस नाय. बस, बस. तुझ्यासाठी कोळंबी जास्त घालतंय."

"घाल. मागच्या वर्षीचीपण घाल."

तो हसत भट्टीकडे गेला. माणिक कागदी रुमालाची घडी घालायला लागली.

"फणसपोळी छान होती कुंदा," मी म्हटलं. "तुझी जाऊ रत्नागिरीची ना? की तीपण आता वेंगुर्ल्यालाच असते?"

कुंदानं माझ्याकडे बघितलं नाही. तिला कळलं होतं.

"वहिनी बोलल्या?" माणिकनं विचारलं.

"बोलल्या कसल्या, आभार मानले! माझ्या लाडवांचे. कुंदा, एक सांग. सगळं एवढं बेमालूम जमवलंस. सातारा, नणंदेचं ऑपरेशन, रत्नागिरीची जाऊ. मग त्या डब्यात 'लाडू सरोजने केलेत' ही चिठ्ठी कशाला घातलीस?"

कुंदा गोरीमोरी झाली. "लाडू तुझे होते. ते माझे म्हणून कसे पाठवू? एवढं खोटं नाही गं बोलवत."

मला हसू आलं. खरंच आलं.

"एवढं नाही बोलवत. बरं. मग ते सोफ्यावर माझा हात धरून बोललीस ते काय होतं?"

"सरू, हळू," माणिक म्हणाली.

"का हळू? इनासची काय चोरी आहे? त्यानंच वाढलं असेल तुम्हाला ह्याच टेबलावर. हसलात ना? पोट धरून हसलात असाल."

"हो, हसलो!" माणिकचा आवाज एकदम चढला. "हसलोच! पाच महिन्यांत पहिल्यांदा हसलो आम्ही. तुला आठवतंय का ते पाच महिने? रोज संध्याकाळी सहा ते आठ आम्ही तुझ्या घरी. रोज. आणि रोज तेच. तो ऑक्सिजनचा आकडा, तो नवा डॉक्टर, ती नळी. अगं, माझ्या स्वप्नात तुझा नवरा मरायला लागला होता! मी घरी जाऊन आमच्या ह्यांच्या नाकाला हात लावून बघायची, श्वास चाललाय का. चार दिवस, सरू. आम्हाला फक्त चार दिवस हवे होते."

"मग सांगायचं की! मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"तू 'जा' म्हणाली असतीस," कुंदा हळूच म्हणाली. "आणि मग वर्षभर आम्हाला तुझ्या तोंडावर ते 'जा' बघावं लागलं असतं. तू तशीच आहेस सरू. तुझ्यापुढे खरं बोलायची भीती वाटते."

हे मला लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

"आणि वर्षश्राद्धाला?" मी विचारलं. "मी माझ्या पोराला चार माणसांत तुमचं उदाहरण दिलं. त्याला मान वर करता येईना. तू माझ्या पानात आमटी वाढत होतीस कुंदा. तेव्हा?"

कुंदाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इनास पिझ्झा घेऊन आला, टेबलावर ठेवला, तिघींची तोंडं बघून परत भट्टीकडे गेला. वाफ निघत होती. कुणीच हात लावला नाही.

"तुमच्यासारख्या परक्यांपेक्षा माझा मुलगा काय वाईट?" मी उठत म्हटलं. "त्यानं मला घरी ये म्हटलंय. कायमचं. मी नाही म्हणणार होते. तुमच्यासाठी! हसा आता."

"सरू, असं नको गं," माणिक म्हणाली. "मिरज सोडून तू..."

"सोडलं मिरज. आत्ता फोन करते."

मी मोबाईल घेऊन अंगणाच्या कडेला, दगडी गडग्याच्या कुंपणाजवळ गेले. रागातही बरं वाटत होतं. निदान एक जागा होती. रागावून जायला जागा असली की माणसाचा राग ऐटीत चालतो. घंटा वाजत होती. मी मनातल्या मनात घरातलं काय काय न्यायचं तेसुद्धा ठरवून टाकलं.

"हां आई, बोल. मजेत ना वेंगुर्ल्यात?"

"मजेत. केदार, मी येते रे."

"ये की. कधी? शनिवार-रविवार?"

"राहायला येते. तू म्हणालास ना, कायमची ये. विचार केला मी. येते."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बंद केला.

"अच्छा," केदार म्हणाला. "म्हणजे... अच्छा. आई, एक मिनिट हं."

त्यानं फोनवर हात ठेवला. हात नीट बसला नव्हता. श्रुतीचा आवाज आला, दबका, पण स्पष्ट. "पण तू तर म्हणाला होतास, त्या नाहीच म्हणतील म्हणून! मी माझ्या बाबांना कळवून बसलेय, ती खोली त्यांच्यासाठी म्हणून." आणि मग केदार, "अगं हो, हळू बोल. मला काय माहीत? मैत्रिणींना सोडून ती येईल असं वाटलं होतं का कुणाला?"

मग तो परत आला. आवाज मोकळा करून. "आई, ऐकतेयस ना? छानच आहे. फक्त काय आहे, आत्ता मार्चपर्यंत जरा गडबड आहे. आपण बघू. मे-जूनमध्ये वगैरे बघू ना."

बत्तीस वर्षं मी हे ऐकलं आहे. म्हाताऱ्या पेशंटला डिस्चार्ज मिळाला की मी नातेवाइकांना बोलावून सांगायचे, घेऊन जा. आणि सोन्यासारखी माणसं, शिकलेली, चांगल्या घरची, कॉरिडॉरमध्ये उभी राहून म्हणायची, सिस्टर, बघू. 'नाही' असं कुणीच म्हणत नाही. मी त्यांच्यावर चिडायचे. माझ्या मुलाचा आवाज तसाच होता, हुबेहूब.

भट्टीसमोर इनास नवी पोळी लाटत होता. टेबलाशी दोघी माझ्याकडे बघत होत्या. माणिकनं कुंदाच्या पाठीवर हात ठेवला होता.

मी हसले. मोठ्यानं, पलीकडे ऐकू जाईल असं.

"अरे वेड्या, गंमत केली! मी कुठे येतेय मिरज सोडून? माझ्या मैत्रिणी मला सोडतील होय?"

केदारनं सोडलेला श्वास मला इकडे ऐकू आला.

"काय आई! घाबरवलंस ना!" तो म्हणाला, आणि हसला. किती दिवसांनी मी त्याला एवढं मोकळं हसताना ऐकलं. "मला वाटलं खरंच. बरं, एन्जॉय कर. गुडघ्याला जप."

"जपते," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

रडू आलं नाही. घरून बॅग भरून निघावं आणि स्टँडवर गाडीच नसावी, तसं काहीतरी वाटत होतं. मिरजेतलं माझं घर डोळ्यांपुढे आलं. संध्याकाळचे सहा, सोफा, दारावरची बेल. ती बेल वाजवणारं अख्ख्या जगात कोण होतं, ते मला माहीत होतं. त्या दोघी समोरच बसल्या होत्या, गार झालेल्या पिझ्झ्यापुढे.

मी परत आले. खुर्ची ओढली आणि बसले.

"काय म्हणाला केदार?" माणिकनं घाबरत विचारलं.

"काय म्हणणार? नाचायला लागला. खोली सजवून ठेवलीय म्हणाला. श्रुती तर फोन सोडेचना, उद्याच या म्हणे." मी तोंड पुसलं. "खूप मागे लागले दोघं."

"मग?" कुंदाचं नाक लाल झालं होतं. "कधी जाणार?"

"नाही जाणार. स्पष्ट सांगितलं त्याला. म्हटलं, कुंदा-माणिकला सोडून मी पाऊल टाकणार नाही."

कुंदा ओक्साबोक्शी रडायला लागली. तिनं टेबलावरून माझे दोन्ही हात धरले, कोपराला सॉस लागला तरी तिला पत्ता नव्हता. माणिकनंही डोळ्यांना ओढणी लावली. दोघींचा विश्वास बसला होता. आजही बसलेला आहे. गल्लीत, नातेवाइकांत, जिथे तिथे त्या सांगतात की सरूनं आमच्यासाठी मुलाचं घर नाकारलं, आणि तेव्हापासून एक संध्याकाळ त्यांनी चुकवलेली नाही.

"आमची लायकी नाही गं सरू," कुंदा हुंदके देत म्हणाली. "आम्ही असं वागलो आणि तू बघ."

"नाहीच लायकी," मी म्हटलं. आणि इनासला हाक मारली, की हा गार झालाय, दुसरा गरम घाल.